प्रभारी सरांचं वर्तुळ

आमच्या मुलुंडच्या कॉलनीत परुळेकर सरांना सरळ चालताना कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते कॉलनीच्या कडेकडेने मोठाले फेरे घालायचे. दिशा एकच, वेग एकच. वाटेत कुणाची स्कूटर उभी असली तर बाजूने जाणार नाहीत. तिथेच थांबून मालकाला हाका मारतील, "अरे, माझी कक्षा मोडते ना!"

सर मागच्या गल्लीतल्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि कित्येक वर्षं तिथले प्रभारी मुख्याध्यापक होते. कायम माणूस नेमायला संस्थेला मुहूर्त सापडत नव्हता. दुसरा कुढत बसला असता. सरांनी त्याचं भौतिकशास्त्र करून टाकलं.

"पुस्तकात चार्जला काय म्हणतात? प्रभार. मग शाळेचा चार्ज माझ्याकडे, म्हणजे मी कोण? प्रभारित वस्तू! ती चुंबकीय क्षेत्रात सापडली की गोल फिरते. कळलां?"

"आणि चुंबक कोण?" मी विचारलं.

त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे काकू तांदूळ निवडत होत्या.

"ऐकू येतंय हो मला," काकू वरून म्हणाल्या.

सोसायटीच्या सत्यनारायणाला सरांनी प्रदक्षिणेतही हे शास्त्र घुसवलं. पुरुष धन प्रभार, बायका ऋण प्रभार, तेव्हा बायकांनी उलट्या दिशेने फिरायचं. भटजी मध्ये चेंगरले. "आम्हाला ऋण म्हणता?" म्हणून बायका रुसल्या त्या वेगळ्याच. सरांना ऋण शब्दात काय वाईट आहे तेच समजेना.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द एकच उरला, "अहो". पाणी हवं असलं तरी अहो, कूस बदलायची असली तरी अहो. दिवसा त्यांची बहीण येऊन बसायची, पण हाक सरांनाच.

सरांचं फिरणं थांबलं नाही, पण फेरा आखडला. आधी दोनच इमारतींभोवती, मग फक्त त्यांच्या-आमच्या इमारतीभोवती. आणि चालणं मात्र भलतंच भरभर. शिवाय लोकांच्या बेल वाजवून टीव्हीचा आवाज कमी करायला सांगू लागले. रविवारी, ऐन सिनेमाच्या वेळी! सर कामातून गेले, असं आम्ही ठरवून टाकलं.

मी छेडलंच. "सर, कक्षा लहान झाली!"

"क्षेत्र बदलतंय रे. ते वाढत गेलं की वर्तुळ लहान होतं आणि वस्तूचा वेग वाढतो. कळलां?"

एवढ्यात संस्थेला मुहूर्त सापडला. सरांना कायम मुख्याध्यापक केलं, पण संस्थेच्या दिंडोशीच्या शाळेत. कॉलनीने पेढे मागितले. सरांनी नकार कळवला. आमचे सेक्रेटरी तर भडकलेच, "सर, वेड लागलंय काय? जन्मभर प्रभारीच राहणार?" त्यांना सरांनी तासभर चुंबकीय क्षेत्र समजावलं. ते डोकं धरून घरी गेले.

मी संध्याकाळी सरांबरोबर चालायला लागलो. फेरा आता खिडकीखालच्या तुळशीच्या कुंड्यांपुरताच उरला होता. दोघांना चालणंही कठीण.

"खरं सांगा, सर. इतकी वर्षं वाट बघितलीत."

"बघितली ना. खुर्ची मलाही हवी होती," सर म्हणाले. "पण इथून मधल्या सुट्टीत घरी येता येतं. दिंडोशीला 'अहो' ऐकू येत नाही रे."

थोडं चालून म्हणाले, "पूर्वी तिचा आवाज पार गेटपर्यंत यायचा. मग पाण्याच्या पंपापर्यंत. आता इथपर्यंतच येतो."

तेवढ्यात सर थबकले आणि धोतर सावरत जिन्याकडे धावले. मी कान देऊन उभा राहिलो. मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. सर मात्र पहिल्या पायरीपासूनच ओ देत होते, "इलंय गो, इलंय."