नमुन्याचा नंबर

संसदेची नवी वेबसाइट लोकांसाठी खुली झाली, नेमकं त्याच दिवशी ती बनवणाऱ्यांतल्या एकीच्या दोन वर्षांच्या मुलीला एकशे एक ताप होता. नवरा कामासाठी परगावी. रजा मागायची सोय नव्हती, कारण वेबसाइटवर काम करणाऱ्या चौघांत सगळ्यात नवी तीच. "मी काय आज पहिल्यांदा ताप बघतेय?" म्हणत सासूबाईंनी तिला जवळजवळ दाराबाहेर ढकललं आणि टीव्हीवर संसदेचं कामकाज लावलं. सासूबाईंना राजकारणाची हौस होती असं नाही. पण मुलीला त्या भाषणांनी जशी झोप लागे तशी कुठल्याच अंगाईने लागत नसे.

सासूबाईंचा मोबाइल मुलीने आदल्या दिवशी बादलीत बुडवून पाहिला होता. म्हणजे जे काही विचारायचं ते घरच्या जुन्या फोनवरच. तिने दहा वाजता फोन लावला, तर एंगेज. सव्वादहालाही एंगेज. साडेदहाला तिने स्वतःची समजूत काढली की रिसीव्हर नीट ठेवला नसेल. अकराला ती समजूत निघून गेली आणि तिच्या जागी डॉक्टर, टॅक्सी, इंजेक्शन असं सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. शेवटी तिने शेजारणीला घरी डोकावायला सांगितलं.

"त्या फोनवर आहेत," शेजारणीने कळवलं. "मला हातानेच थांब म्हणाल्या. मी दहा मिनिटं थांबले आणि परत आले."

"आणि मुलगी?"

"मांडीवर होती. झोपलीय की काय, ते काही कळलं नाही."

त्या 'की काय'ने तिने पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. सासूबाई कुणाशी बोलत असतील? डॉक्टरांशी? डॉक्टरांशी कुणी तासभर बोलतं का?

इकडे विभागप्रमुख मात्र जमिनीवर नव्हते. चौकशीच्या खोलीत रोज साठ-सत्तर फोन यायचे. आज दुपार झाली तरी एकही नाही. तिथला कारकून दोनदा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते बघून आला होता. "लोकांना हवं ते सगळं वेबसाइटवर मिळतंय, मग फोन कशाला करतील?" असं विभागप्रमुखांनी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं, आणि वर कळवलंही. त्यामुळे तीन वाजता खुद्द सचिवबाई खाली आल्या.

सचिवबाईंनी स्क्रीनवर अध्यक्षांचं मनोगत पाहिलं, इमारतीचे फोटो पाहिले, जिन्याच्या नक्षीचा इतिहास पाहिला. मग म्हणाल्या, "आता मी एक साधी नागरिक आहे असं समजा." त्यांनी 'संपर्क' उघडलं, टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत फिरवायला घेतला.

तिसऱ्या आकड्याला तिने कान टवकारले. पाचव्यानंतरचे आकडे तिने मनातच म्हटले. सकाळपासून हेच आकडे तिने बावीस वेळा फिरवले होते. मागच्या आठवड्यात पानाचा आराखडा करताना नमुन्यादाखल कुठलातरी नंबर हवा होता, तेव्हा सवयीने बोटांतून उतरला तो घरचा. खरा नंबर आला की बदलायचा होता. त्या आराखड्यावर तीन सह्या झाल्या आणि तो तसाच पुढे गेला.

फोन वाजला. नोकरी जाणार हे तिला कळत होतं, पण मनात आधी आलं ते एवढंच, की लागला बाई एकदाचा.

"बोला," सासूबाईंचा आवाज आला. "जरा हळू बोला, मूल झोपलंय."

सचिवबाईंच्या भुवया वर गेल्या. "मला कामकाज बघायला यायचं होतं."

"अकराला बसतात. साडेदहापर्यंत या, ओळखपत्र आणा. मागच्या दाराने या, पुढचं फक्त सदस्यांना आहे. हे मला सकाळी एका माणसाने सांगितलं, तो दोनदा पुढच्या दारावरून परत गेलेला."

"हे वेबसाइटवर नाही का?"

"कुठलं? तिथे म्हणे इमारतीचे चौदा फोटो आहेत, पण आत कुठून जायचं ते एकातही दिसत नाही. सकाळपासून लोक मला विचारतायत, आमचा सदस्य कोण, त्याने मत कुठल्या बाजूने दिलं, आमचा अर्ज कुठल्या समितीपुढे अडकलाय. टीव्हीवर ऐकलेलं असतं ते सांगते. बाकीचं नातीच्या चित्रांच्या वहीत लिहून ठेवलंय. कुणीतरी घेऊन जा ती वही."

विभागप्रमुख खाली फरशीकडे बघत होते. सचिवबाईंनी आभार मानले आणि फोन ठेवायला हात पुढे केला. आता तो ठेवला की परत कधी लागणार, या विचाराने तिच्या तोंडून निघूनच गेलं, "ताप किती आहे?"

सगळी खोली तिच्याकडे वळली.

"नव्याण्णव," स्पीकरमधून उत्तर आलं. "वरणभात खाल्ला सगळा. आणि तू मधेमधे बोलू नकोस, कुणीतरी बाई कामाचं विचारतायत."

सचिवबाईंनी फोन ठेवला. एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिने मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला.

"उद्या ती वही घेऊन या," सचिवबाई म्हणाल्या. "त्यातला एकेक प्रश्न उत्तरासकट वेबसाइटवर आला पाहिजे. फोटो दोन पुरेत. आणि नंबर ताबडतोब बदला."

ताबडतोब म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, आणि अर्जावर तीन सह्या. सह्या करणाऱ्यांपैकी एक साहेब सोमवारपर्यंत दौऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी वही टेबलावर आली, ताप औषधाविनाच उतरला, तरी अकरा वाजता तिला राहवेना. नवव्या खेपेला फोन लागला.

"आई, मी बोलतेय. ती उठली का?"

पलीकडे नव्या वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"आधी मतदारसंघ सांगा," सासूबाई म्हणाल्या.