आठ हूक आणि एक इंजिनियर

लॉर्न थीसन सकाळी सातलाच साइटवर पोचला, तो भांडायच्या तयारीने. लॉर्न म्हणजे, लपवून काय उपयोग, मीच. पण ही गोष्ट ‘मी’ म्हणून सांगायची हिंमत होत नाही, तेव्हा आपण त्याला लॉर्नच म्हणू.

कॅनडातल्या विनिपेगजवळच्या पुलाचा खांब भरायचा होता. उद्यापासून कडाक्याची थंडी, म्हणजे काँक्रीट आज पडलं नाही तर पूल वसंत ऋतूपर्यंत लटकला. अडलं होतं ते खांबाच्या माथ्याशी. तिथे आठ आडव्या सळया येऊन संपत होत्या, आणि त्यांची टोकं काँक्रीटमध्ये घट्ट धरून राहावीत म्हणून इंजिनियर लॉर्नने ड्रॉइंगमध्ये प्रत्येकीला हूक, म्हणजे वाकवलेलं टोक, काढला होता. कागदावर सळई म्हणजे पेन्सिलीची रेघ. आठ काय, ऐंशी मावतात. सळया बांधणाऱ्यांची मुकादम बर्नी लाव्हाले हिने तीनदा लेखी कळवलं होतं, की जागा नाही, चार सळयांना हुकाऐवजी टोकाला लोखंडी चकती चालेल का? लॉर्नने तीनदा उत्तर दिलं होतं, ‘ड्रॉइंगप्रमाणे करावे.’

“बसत नाहीत, साहेब,” बर्नी म्हणाली.

“बसवता येत नाहीत असं म्हण. सरक, मी दाखवतो!”

सळयांच्या पिंजऱ्याला एका बाजूने जेमतेम फट होती. लॉर्न पोट आत घेऊन तिच्यातून शिरला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातात पक्कड आली होती. बर्नी बाहेरून सळई सरकवायची, लॉर्न आतून हूक फिरवून उभ्या सळईमागे अडकवायचा. आठवी त्याने हातोड्याने ठोकून बसवली.

“बसल्या की नाही आठही?”

“बसल्या बाबा. मानलं तुम्हाला. आता या बाहेर.”

लॉर्न वळला. ज्या फटीतून तो आत आला होता, तिथे आता आठवी सळई होती.

आठवी सळई बांधलेल्या तारा सोडल्या. दोन गडी सळई ओढायला लागले. ती हलेना. कितीही ओढली तरी निघू नये म्हणूनच तर हूक असतो, आणि हे हूक लॉर्नने स्वतः हिशेब करून काढलेले. इतकं चोख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

तेवढ्यात काँक्रीटचे ट्रक रांगेने आले. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर वाकून आत डोकावला.

“ह्यांच्यासकट भरायचं का?”

“कापा!” लॉर्न ओरडला. “चार हूक कापून टाका!”

“असे कसे कापू?” बर्नी म्हणाली. “इंजिनियरच्या लेखी परवानगीशिवाय हूक कापला तर माझी नोकरी जाईल.” तिने सळयांमधून कागद आणि पेन आत सरकवलं.

लॉर्नने गुडघ्यावर कागद धरून लिहिलं, चार हूक काढावेत, चकत्या चालतील.

“आणि कारण?”

“जागा नाही,” लॉर्न पुटपुटला.

“मोठ्याने, साहेब. ट्रकचा आवाज आहे.”

“जागा नाही!”

“हां. तेवढंच लिहा.”

सगळे गडी डब्यातल्या पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात बघत उभे होते.

“चकत्यांच्या सळया यायला किती वेळ लागेल?”

“यायच्या कशाला? मंगळवारपासून माझ्या गाडीत पडल्यात.”

कटर चालला. लॉर्न दोन्ही कोपरं खरचटून बाहेर आला. अर्ध्या तासात नव्या सळया बसल्या आणि दुपारच्या आत खांब भरला.

निघताना त्याला राहवलं नाही. “आठवी सळई देताना मी आत आहे, हे तुला दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“मग बोलली का नाहीस?”

बर्नीने हातमोजे झटकले. “बाहेर असलात की तुम्हाला ऐकू कुठे येतं, साहेब?”