एक्कावन्न पोवळी आणि अकरा लिंबं

"मी काई येत न्हाई लग्नाला. तुमी बापलेकच जाऊन या," असं म्हणून भागाबाईनं भाकर अशी थापली की परात दोन बोटं पुढं सरकली.

लग्न काही लांबच्याचं नव्हतं. तिच्या सख्ख्या भावाच्या पोरीचं, कळमनुरीच्या अलीकडच्या गावी, आठ दिवसांवर येऊन ठेपलेलं. संपतराव चुलीपुढं बसून चिलमीत इंगळ ठेवत होते. गप्प बसले असते तर दिवस बरा गेला असता. पण त्यांनी विचारलं, "काहून?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना बावीस वर्षांपासून पाठ होतं. त्यांच्या धनगरांत रीत अशी की सासूनं सुनेच्या गळ्यात पोवळ्याची माळ घालायची. लग्नाकार्यात बाई आली की बाकीच्या बायका आधी तिचा गळा बघायच्या, मग तोंड. संपतरावांच्या मायकडं चांगली टपोरी माळ होती, पण म्हातारीनं ती सुनेला न देता आपल्या लेकीला दिली आणि वर निघून गेली. राहिला भागाबाईचा गळा डोरल्यापुरता. प्रत्येक लग्नात तिची भावजय सिंधूबाई, म्हणजे याच नवरीची माय, चारचौघींत गोड आवाजात विचारायची, "वन्सं, सासूनं काय घातलं म्हणलात तुमाला?"

"तुमच्या मायनं मला काय दिलं? पाटा दिला, तोबी झिजलेला," भागाबाई म्हणाली. "पुन्यांदा त्या सिंधीपुढं उघडा गळा घेऊन मी जाऊ? माहेर तुटलं तरी चालंल."

"मेलेल्या माणसाला बोलू न्हाई," संपतराव म्हणाले आणि चिलीम घेऊन बाहेर गेले. ही जागाही बावीस वर्षांपासून ठरलेली होती.

दारात घोंगडीवर पडलेल्या मसाजीनं हे सगळं ऐकलं. वीस-एकवीसचं पोरगं. बापाला त्याची माय प्यारी आणि मायला तिचं माहेर प्यारं, दोघांच्या मधे आपण लोकर कातरत बसायचं, याचा त्याला कंटाळा आला होता. त्या साली त्याच्या वाटणीच्या मेंढ्यांची लोकर बरी गेली होती. ते निजामाचे हाली रुपये कनवटीला लावून बाजाराच्या दिवशी तो जवळा बाजारला निघाला. सोबत दस्तगीर. दस्तगीर पिंजाऱ्याचा, कापूस पिंजायचा, आणि जगातल्या कापूस सोडून बाकी सगळ्या गोष्टींत स्वतःला जाणकार समजायचा.

खाजा मिया मनियाराच्या दुकानात बांगड्यांच्या मागं दोन माळा टांगलेल्या होत्या. दोन्ही लाल, दोन्ही टपोऱ्या.

"ही काच, ही असली मूंगा," खाजा मिया म्हणाले. "तुझ्या मायसाठी असली घे. एक्कावन्न मणी, बराबर मोजून घे."

"चाचा, असली हाय हे वळखू कसं?"

"माझ्या तोंडाकडं बघून वळख."

"तोंडाकडं बघूनच तर शंका येऊन राहिली," दस्तगीर म्हणाला.

खाजा मिया हसले, पण भाव काही उतरला नाही. मसाजीनं माळ घेतली आणि दस्तगीरच्या तगाद्यानं दोघं चार दुकानं पलीकडं हरिचंद सोनाराकडं गेले. सोनारानं मणी खालीवर बघितला. तो म्हणाला, "लिंबाचा एक थेंब टाका. फेस आला तर अस्सल. मग लगेच धुवा अन् पुसून ठेवा." त्यातलं शेवटचं वाक्य म्हणेपर्यंत दस्तगीर मसाजीला ओढत रस्त्यावर गेला होता.

"एक मणी तपासून काय उपयोग?" वाटेनं दस्तगीर म्हणाला. "समोरचे चार अस्सल, मागचे काचेचे, असं केलं असंल तर? चाचाला मी चांगलं वळखतो. सगळे तपासावं लागतेत."

हे मसाजीला पटलं. कुणालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संपतराव आहेराचं लुगडं आणायला हिंगोलीला गेले आणि भागाबाई वाकळा धुवायला नदीवर गेली. मेंढ्यांच्या वाड्यामागं दोघांनी बैठक मांडली. दस्तगीरच्या घरी, त्याच्या माय मदीनाबीच्या आडापाशी, लिंबाचं झाड होतं. तिथून अकरा लिंबं आली. ती कोणत्या परवानगीनं आली, हे विचारायचं कारण नाही. पितळी वाडग्यात आधी चार लिंबांचा रस पिळला आणि माळेचा दोरा काढून एक्कावन्नही मणी आत सोडले.

काय फेस आला. बारीक बारीक बुडबुडे, जसं काही वाडग्यात मासोळ्या श्वास घेत आहेत. मसाजीचे डोळे भरले. "अस्सल हाय रे," तो म्हणाला. "एकूण एक."

"चाचा इमानदार निघाले," दस्तगीर जरा नाराजीनंच म्हणाला.

एवढ्यावर थांबायचं होतं. पण शेजारचा सोनाजी डोकावला. त्यानं विचारलं, "काय चाललं?" त्याला दाखवलं. सोनाजीनं त्याच्या बायकोला बोलावलं. ती येईपर्यंत फेस बसला, म्हणून आणखी एक लिंबू पिळलं. तिनं जावेला हाक मारली. जावेसाठी आणखी एक. बघता बघता अर्धं गाव वाड्यामागं जमलं. जो येई तो म्हणे, "मला न्हाई दिसलं, पुन्यांदा करा." मसाजीला तर आपल्या मायच्या दागिन्याची जत्रा भरली म्हणून इतका आनंद झाला की त्यानं अकरावं लिंबूही पिळून टाकलं.

आणि तेवढ्यात पलीकडून आरोळी आली की मेंढरं पाटलाच्या मळ्यात शिरली. वाड्याची झडप उघडी राहिली होती. राखणारा वाड्यामागं फेस दाखवत होता. सगळे पळाले. पाटलाच्या मेथीतून नव्वद मेंढ्या हुसकायला, पाटलाच्या शिव्या ऐकायला आणि त्यांना दोन घोंगड्या कबूल करायला दुपार टळली.

परत येऊन मसाजीनं वाडग्यात हात घातला. बाहेर निघाले ते मणी लाल नव्हते. फिकट, खरबरीत, जागोजागी बारीक टोचे पडलेले. उन्हात वाळत टाकलेल्या हरभऱ्यासारखे.

मसाजीनं एक मणी सदऱ्याला पुसून बघितला, तो तसाच.

"पण अस्सल हाय हे तर ठरलं," दस्तगीर म्हणाला.

मसाजीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला. चार दिवसांनी लग्न. मायला वचन काही दिलेलं नव्हतं, पण मनातल्या मनात तर दिलंच होतं. लोकरीचे पैसे संपले होते. खाजा मियांकडं जाऊन काय सांगणार, की तुमचा माल खरा निघाला म्हणून वाटोळं झालं?

मग उपाय सुरू झाले. लोणी चोळलं, मणी तेलकट हरभऱ्यासारखे दिसू लागले. दस्तगीरनं पिंजलेल्या कापसानं तासभर घासलं, तरी चमक आली नाही. शेवटी मसाजीची नजर खुंटीवरच्या मडक्यावर गेली. त्यात मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा गेरू होता. हा गेरू पाऊस खातो, ऊन खातो, मेंढी काट्यांतून गेली तरी जात नाही. गेरू जवसाच्या तेलात कालवून त्यांनी एकेक मणी रंगवला आणि बाभळीच्या काट्यांना टोचून वाळत ठेवला. सकाळी बघतात तर असा लालभडक की दुकानातही नव्हता.

"मेंढीवर टिकते, मायवर काहून टिकणार न्हाई?" दस्तगीर म्हणाला.

निघायच्या सकाळी संपतराव बैल जुंपत होते तेव्हा मसाजीनं मायला आत गाठलं आणि पुन्हा ओवलेली माळ तिच्या गळ्यात घातली. भागाबाईनं तांब्यातल्या पाण्यात बघितलं. मग पदराचं टोक डोळ्याला लावलं.

"लोकरीचे सगळे घातले वाटते."

"तुला काय करायचं?"

"याला वास कशाचा येऊन राहिला रे?"

"नवा माल हाय," मसाजी म्हणाला आणि बाहेर पळाला. तिनं माळ पदराखाली झाकली. सिंधीसमोरच उघडी करायची, असं तिनं ठरवलं असावं.

आणि केलीही. मांडवात बायकांच्या घोळक्यात बसून तिनं वारा घ्यायचं निमित्त करून पदर सरकवला. सिंधूबाईचा अर्धा शब्द तोंडातच राहिला. भागाबाईच्या बावीस वर्षांचं सोनं झालं असं मसाजीला वाटलं. सोबत आलेल्या दस्तगीरला घेऊन तो मांडवाच्या मेढीला टेकून लांबून बघत होता.

पण मेंढीला घाम येत नाही, माणसाला येतो. चैत्राचं ऊन, मांडवात तीनशे माणसं, वरून ताशे. हळूहळू भागाबाईच्या गळ्यावरून एक लाल ओघळ निघाला, मग दुसरा. पिवळ्या चोळीवर उतरला.

"अगं बाई," सिंधूबाई म्हणाली, तेच गोड पाणी आवाजात घालून. "वन्सं, तुमच्या पोवळ्यालाबी घाम आला का वो?"

तिनं प्रेमानं पदराच्या टोकानं माळ पुसली. रंग पदरावर आला आणि खालून फिकट, टोचे पडलेला मणी बाहेर आला. बायका मान पुढं करून बघू लागल्या. भागाबाईनं मान वर केली आणि गर्दीतून सरळ मसाजीकडं बघितलं. मसाजीनं दस्तगीरकडं बघितलं. दस्तगीर तिथं नव्हता. तो भाताच्या हंड्यामागं जाऊन बसला होता.

"आण गं इकडं," नवरदेवाची आजी जिवनबाई म्हणाली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, डोळ्यांनी अधू, पण गावोगावच्या सोयरिकी तिच्या हातानं जुळलेल्या. तिच्या शब्दावर दुसरा शब्द पडत नसे. तिनं मणी बोटांत फिरवला, उरलेल्या एका दातावर वाजवून बघितला, जिभेला लावला.

"पोरी, हे कुणाचं?"

भागाबाई चोळीवरचा लाल डाग चोळत राहिली.

"नवं पोवळं गुळगुळीत असते," म्हातारी म्हणाली. "हे झिजलं हाय. चार सुनांच्या गळ्यात घासल्याबिगर असं झिजत न्हाई. आन वरून गेरू लावला म्हणजे जुन्या चालीचं घर. आमचीबी आजी चोराच्या भेवानं असाच लावायची. अस्सल झाकायचं, नकल वाटू द्यायचं. हल्लीच्या बायांना काय कळते?" आणि ती सिंधूबाईच्या गळ्याकडं तोंड करून म्हणाली, "ही तुही तर बाजारातली दिसते. लईच चमकते."

भागाबाईनं उभ्या जन्मात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. तिनं पदर सावरला.

"व्हय आत्याबाई. सासूबाईची हाय. त्याइच्या सासूची. जाताना माह्या हातात दिली. म्हणल्या, कुणाला दाखवू नको."

"मग वन्सं, बावीस साल का बोलला न्हाईत?"

"कुणाला दाखवू नको म्हणल्या व्हत्या, हेच तर सांगून राहिले."

सिंधूबाई उठून पंगत बघायला गेली. जिवनबाईनं भागाबाईला शेजारी बसवून घेतलं आणि लग्न लागेपर्यंत सोडलं नाही.

गोष्ट पाच मिनिटांत पुरुषांत पोचली. संपतरावांचा हात विड्यावर होता तिथंच थांबला. माळ त्यांनी सकाळी बघितलेली नव्हती. बावीस वर्षांत त्यांच्या मायबद्दल त्यांनी पहिल्यांदा चांगला शब्द ऐकला होता, तोही बायकोच्या तोंडचा. त्यांना रडू आवरेना.

परतीच्या गाडीतही ते नाक ओढत बैल हाकत होते. "माही माय अशी व्हती," ते म्हणत. "मला बोलली न्हाई, पण मनात तुला देलं व्हतं. लेकीची माळ येगळी, तुही येगळी." मसाजीनं तोंड उघडलं, तेव्हा भागाबाईनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की घर येईपर्यंत तो चोळत होता.

दुसऱ्या दिवशी घरात पुरण शिजलं. म्हातारीला निवद दाखवायचा, आणि आता दर अवसेला दाखवायचा, असा संपतरावांचा हुकूम. बावीस वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिलाच हुकूम. भागाबाई चुलीशी पोळ्या लाटत होती. गळ्यात तीच फिकट माळ, आता धुऊन स्वच्छ केलेली. मसाजी पाट्याजवळ बसला होता.

"किती लिंबं नासली रे?" तिनं हळूच विचारलं.

"अकरा. तुला कसं कळलं?"

"दस्तगीरच्या मायनं, मदीनाबीनं, काल रातीच लिंबाचा हिशोब मागितला. आन लिंबाचा वास मला कळत न्हाई व्हय?" मग लाटणं थांबलं. "पर बघ, ज्या बाईनं मला हयातभर एका पोळीला कधी तुपाचं..."

"काय म्हणाली?" दारातून संपतरावांनी विचारलं. हातात निवदाचं पान, डोळे अजून ओले.

भागाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग मसाजीकडं. मग पोळीकडं.

"म्हणलं, सासूबाईला तूप लई लागायचं," ती दातांमधून म्हणाली, आणि पोळीवर आणखी एक पळी सोडली.