महाराजांचे पोटातील गाठ जाळिली, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी सांभाळो. ऐकणारांस धीर देवो आणि सांगणाराची जीभ खरी राखो, निदान जेवणवेळेपावेतो. शके सोळाशे शहाण्णव, जयनाम संवत्सर, कार्तिकमासी धारराव महाराज राज्य करीत असता त्यांचे उजवे बरगडीखाली दुखो लागले, आणि अन्न नकोसे जाहले, आणि अंगाचे मांस उतरले, मग परमुलखातून अंबाबाई वैद्यीण आणविली. बाई बोलण्यात सरळ, या दरबारची रीत तीस ठाऊक नाही. तिणे ध्वनीच्या आरशात हुजुरांचे पोट पाहिले आणि सांगितले की, "यकृतात वाईट गाठ धरली आहे. जांभळाएवढी. वेळेत सापडली." आबाजीपंत फडणीस उशाशी उभे होते. महाराज लहानपणीच पोरके जाहले, तेव्हा पंतांनीच त्यांस वाढविले आणि राज्य राखून हाती दिले. महाराज त्यांस काका म्हणत. पंतांनी विचारिले, "पोट फाडणार?"

"चाकूच नको, पंत. दाभणाएवढी सळई बरगडीखालून गाठीत घालावयाची. टोकास सूक्ष्म लहरी सुटतात, त्यांनी आतले पाणी खवळते आणि गाठ जागच्या जागी शिजून मरते. बाहेर तिळाएवढे भोक. दुसरे दिवशी हुजूर पानावर बसतील."

महाराज हसोन बोलिले, "म्हणजे मुदपाकखान्यात पेटीत शिळा भात ऊन करितात, तेच की!"

"आग तीच, महाराज. भात मात्र आपण."

पेटीस आणि सळईस वीज कोठून आली म्हणाल, तर ओढ्यावर बांधिलेल्या जात्यातून येत असे. खोटे वाटेल त्याणे जाऊन ओढा पाहावा, ओढा अजून आहे.

मग बाईंनी पंतांचे फडावर, म्हणजे दप्तरी, मागणे घातले की, गाठ जाळावी आणि तिचे सभोवार करंगळीच्या रुंदीइतके निरोगी मांसही जाळावे, कारण रोगाची मुळे आरशात दिसत नाहीत, ती या काठात दडून असतात. ऐसियास त्या दरबारचा शिरस्ता होता की, कोणी काही मागावे आणि फडाने निम्मे द्यावे. मागणारे हे जाणोन दुप्पट मागत आणि कोणाचे काही अडत नसे. आणि राजअंगास इजा करणे ती फडाच्या शिक्क्यावाचून करू नये, हाही कायदा. महाराजांचे चांगले मांस जाळावयाचे, हे पंतांस सोसेना, आणि शिरस्ता तर हाताशीच होता, मग त्यांनी "काठ निम्मा मंजूर" ऐसे लिहोन शिक्का केला.

बाई फडात येऊन उभी राहिली. "पंत, निम्मा काठ म्हणजे निम्मे काम नव्हे. सगळेच वाया."

"बाई, तुम्ही नवख्या. येथे दुप्पट मागावे, म्हणजे पुरते मिळते."

"तर दुप्पट मागत्ये."

"आता शिक्का पडला. एका मागण्यावर दोन शिक्के आजवर पडले नाहीत. आणि त्या निरोगी मांसाने तुमचे काय वाकडे केले हो?"

बाई तडक हुजुरांकडे गेली. महाराजांनी सर्व ऐकिले आणि बोलिले, "काकांनी माझे वाईट कधी चिंतिले नाही. आहे तेवढ्यात करा." बाईंनी सळई उचलिली, परंतु तोंड काळवंडले होते.

मग महाराजांस गुंगी देऊन निजविले आणि सळई आत गेली आणि पंत आरशास डोळा लावोन बसले. गाठीवर पांढरा ढग उठला आणि फुगत चालिला, आणि गाठ झाकली, आणि निम्मा काठ भरला, तोच पंत ओरडले, "बस!" बाई थांबेना. "बाई, बस म्हणतो!" आणि दारीचे हशम शिपाई आत आले, मग तिणे सळई बाहेर घेतली. दुसरे दिवशी महाराज खरेच पानावर बसले. तोफा जाहल्या, आणि पंत ज्यास त्यास सांगत की, "हुजुरांचे अर्धी करंगळी यकृत म्या राखिले." त्याबद्दल त्यांस शालजोडी मिळाली.

पुढे श्रावणात दुखणे परतले. बाई आली आणि तिणे आरशात पाहिले. पंत बोलिले, "गाठ तर जळाली होती ना?"

"ती जळाली. जे राखिलेत, त्यातून उठले आहे. आता एक नाही, मोठ्या शिरेस लागून गाठींची माळ धरली आहे."

पंतांनी पगडी भुईवर टाकिली. "हवा तेवढा काठ घ्या! कोऱ्या कागदावर शिक्का करून देतो! सगळे यकृत जाळा!"

"सगळे जाळिल्यावर माणूस राहत नाही, पंत. आता हे सळईचे काम उरले नाही."

महाराज जागे होते. बोलिले, "काका, पगडी घाला, लोक पाहताहेत. आणि दुखते तेथे जरा हात ठेवा. तुमचा हात गार असतो."

पंतांनी उजवा हात बरगडीखाली ठेविला आणि तळव्यास गाठी लागल्या, आणि तो हात त्यांनी पुढे काढिलाच नाही. रात्र गेली, पक्ष गेले, जेवण डाव्या हाताने. फडावर शिक्का करणारा हात मोकळा नाही, मग कारकून येईल ते मागणे जसेचे तसे मंजूर करू लागले, आणि दुप्पट मागितले त्यांस दुप्पटच मिळो लागले, आणि बाजारात लोक म्हणत, ऐसे सुखाचे दिवस कधी पाहिले नाहीत. आत महाराज दिवसेंदिवस विझत होते. मार्गशीर्ष वद्यपक्षी त्यांनी देह ठेविला. पंतांचा हात सोडवावयास दोघे लागले.

येणेप्रमाणे जाहले ते सांगितले, पदरचे थोडकेच घातले. अंबाबाई आपले मुलखास गेली, जाताना पंतांशी बोलली नाही. आबाजीपंत पुढे फार वर्षे जगले. तब्येत उत्तम होती.