मागं कोण हाय ते सांगा

शंकरतात्या टीव्ही समोरून बघत नसत, बाजूनं बघत. रविवारी सकाळी माझ्या खोलीत प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लागला, की ते टीव्हीच्या उजव्या अंगाला भिंतीशी उकिडवे बसायचे, काचेला गाल टेकेल इतकी मान वाकडी करायचे आणि चौकटीच्या पलीकडचं काही दिसतंय का ते बघायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांची मान लचकली असणार.

"तात्या, असं वाकून काय दिसणार? टीव्ही आहे तो, खिडकी नाही."

"तुमी मास्तर लोक म्होरं मांडल्यालंच बघता," तात्या मान न काढता म्हणाले. "ते ऱ्हाऊ द्या. मागं कोण हाय ते सांगा."

हे वाक्य मी पुढं सहा वर्षं ऐकलं. निमगाव केतकीच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला मी बाहेरगावाहून आलो, ते तात्यांच्याच घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन. तात्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोलायला गरीब, वागायला सरळ, विडी-तंबाखूचंही व्यसन नाही. व्यसन एकच, आणि त्यानं माझ्या सगळ्या रविवारांचं वाटोळं केलं.

कार्यक्रमातल्या प्रश्नांच्या उत्तरांत त्यांना काडीचा रस नव्हता. पडद्यावर कुणी मंगोलियाची राजधानी सांगत असे, आणि तात्या मला विचारत, "ही प्रश्न लिवतंय कोण? त्याला सोताला उत्तर येतं, का त्योबी पुस्तकात बघतोय?" गुणांच्या पाट्या बदलणाऱ्याचा फक्त हात दिसायचा. त्या हातावर तात्यांनी तीन आठवडे अभ्यास केला. "अंगठी हाय. म्हंजी लगीन झालंय. पर नखं वाढवल्याती, म्हंजी बायकू माहेरी हाय." एकदा एक पोरगी पहिल्याच फेरीत बाद झाली. मला वाईट वाटलं, तिला येत होतं ते उत्तर. तात्यांना वेगळीच काळजी. "आता हिला च्या देत्यात का तशीच लावत्यात वाटंला? आन् घरापातूर सोडाय कोण जातंय?"

मला काय माहीत? मी म्हणालो, देत असतील चहा.

"देत असतील न्हाय. देत्यात का न्हाय, येक सांगा."

शेवटी मी हात टेकले आणि त्यांच्या सांगण्यावरून मुंबईच्या टीव्ही केंद्राला पत्र लिहिलं. सतरा प्रश्न. टाळ्या वाजवणारे लोक कुठून आणता, त्यांना जेवण कोण घालतं, घंटी वाजवणाऱ्याचं घड्याळ कोण मिळवतं, बक्षिसाचं खोकं रिकामं असतं का. दोन महिन्यांनी छापील कार्ड आलं: आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. माझ्या मते विषय संपला होता. तात्यांनी कार्ड उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "शिक्का वाकडा पडलाय. ज्यानं मारला त्यो डावरा हाय." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आता तुम्ही विचाराल, की कारखान्यात नोकरी असलेल्या माणसाला टीव्ही बघायला भाडेकरूच्या खोलीत का यावं लागतं. तात्यांकडे टीव्ही होता. अँटेना नव्हती; छपरावर होती ती माझी.

त्याचं असं झालं. तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ मारुतीदादा आधी एकत्र होते. गल्लीतला पहिला टीव्ही त्यांचा. रविवारी दोघं भाऊ एका सतरंजीवर बसून हाच कार्यक्रम बघायचे. दादा सातवी शिकलेले, पण किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा वाचून ठेवणारे. ते उत्तरं द्यायचे आणि तात्या मागं कोण हाय ते विचारायचे. दादा त्यालाही उत्तर द्यायचे. खरं की खोटं कोण बघायला जातंय, पण द्यायचे. "घंटीवाला कोल्हापूरचा हाय," असं दादांनी एकदा ठोकून दिलेलं तात्या मला पुराव्यासारखं सांगत.

मग वाटणी झाली. कशावरून, हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही. चार पंच बसले, भांडी वाटली, रान वाटलं. टीव्ही धाकट्याला दिला, आणि समोरचं माडीचं घर थोरल्याला. अँटेना माडीवर होती. घरावरची वस्तू घराबरोबर जाते, असा पंचांचा निवाडा. झालं. एकाकडं टीव्ही, एकाकडं अँटेना, आणि दोघांकडं चित्र दिसायची सोय नाही. इंदापुराहून नवी अँटेना आणायला अर्ध्या तासाची एसटी पुरली असती, पण तात्या आणीनात. आणली असती तर वाटणी कायमची झाली असती, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

पण खरी गोष्ट अँटेनाची नव्हती. पंचांच्या बैठकीत रागाच्या भरात तात्या बोलून गेले होते, "दादानं माझ्यासाटनं काय केलंय, सांगा की!"  दादा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हे मला काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, सांगितलं. गल्ली वीस पावलांची. सकाळी दोघं आपापल्या दारात दात घासत, आणि दोघंही आभाळाकडं बघत.

पुढं गावात केबल आली. दोन्ही घरांतले टीव्ही सुरू झाले, कारण दादांच्या सुनेनंही एक आणवला. मला वाटलं, सुटलो. पण रविवारी तात्या हजर. "येकट्यानं बघायचा कारेक्रम न्हाय ह्यो," म्हणाले आणि भिंतीशी बसले. तेव्हा मी चिडलोच होतो. आज आठवलं की लाज वाटते.

केबलवाला बाळू हौशी होता. जत्रेला त्यानं काढलं, की गावची प्रश्नमंजुषा करायची, आपल्याच केबलवर, थेट. लोकांनी घरून फोन करून उत्तरं द्यायची. निवेदक मी, कारण मी मास्तर. आणि प्रश्न कोण काढणार म्हटल्यावर तात्या इतक्या जोरात उभे राहिले, की कपबशी लवंडली. जन्मभर ज्या जागेकडं वाकून बघितलं, ती जागा त्यांना मिळत होती.

प्रश्न त्यांनी मलाही दाखवले नाहीत. "आधी फुटला तर कारेक्रम मेला." प्रत्येक उत्तर वेगळ्या पाकिटात, पाकिटावर लाख. लग्नाच्या मांडवाचं एक जांभळं कापड बाळूच्या ऑफिसात टांगलं होतं. त्याच्यापुढं मी, मागं तात्या. त्यांच्याकडं सायकलची घंटी होती, वेळ संपली की वाजवायला. फोनचा आवाज गावाला ऐकू जावा म्हणून मी रिसीव्हर माईकला लावून धरायचा, अशी सगळी आधुनिक व्यवस्था.

रविवारी सकाळी दहाला सुरू झालं. पहिला प्रश्न, महाराष्ट्राची राजधानी कोणती. फोनवर फोन. मी खूश. मग मी दुसरी चिठ्ठी उघडली आणि भर कार्यक्रमात मला घाम फुटला.

"निमगावच्या बाजारातनं आणल्यालं तांबडं खोंड पहिल्याच दिवशी दावं तोडून कुठं गेलं?"

गाव गप्प. मग एक फोन आला. "सर, ह्ये कंच्या पुस्तकात हाय?" घंटी वाजली. पाकिटातलं उत्तर: कुंभाराच्या आव्यापाशी.

तिसरा प्रश्न: "दोन भावांत सदरा येकच. तर शाळंत कोण कवा जायचं?" आता फोन सुरू झाले, पण उत्तराचे नव्हेत. एकानं विचारलं, पोरांना सोमवारी हेच शिकवता व्हय? आमचे मुख्याध्यापकही फोनवर येऊन गेले, आणि ते काय म्हणाले ते माईकवरून सगळ्या गावानं ऐकलं. बाळू कॅमेऱ्याच्या मागून कोपरापासून हात जोडत होता. मी मात्र एव्हाना समजलो होतो. हे प्रश्न गावासाठी नव्हतेच. सगळ्या निमगावात ज्यांची उत्तरं एकाच माणसाला येत होती, असे प्रश्न तात्या शोधशोधून लिहून बसले होते, आणि तो माणूस फोन करत नव्हता.

चौथी चिठ्ठी मी हलक्या आवाजात वाचली. "मामाच्या गावाला, सणसरच्या कालव्यात, धाकटा भाऊ बुडत हुता. थोरल्यानं त्याला कशाला धरून भाईर काढलं?"

पंचांपुढं जे बोलून गेले होते, ते तात्या गावापुढं परत घेत होते. एवढं मला कळलं. फोन वाजेना. अर्धं मिनिट गेलं, घंटी वाजली. मी लाख फोडली आणि वाचलं: करगुट्याला. म्हणजे कमरेच्या करदोड्याला.

आणि फोन वाजला.

"मारुती बोलतोय. उत्तर चूक हाय."

मी रिसीव्हर माईकला लावला. 

"करगुट्याला न्हाय. करगुटा तुटून हातात आला. मग केसाला धरला... आन् वढला. मीच वढलाय, मला ठावं. लिवणाऱ्याला सांगा, ठावं नसंल तर लिवू ने."

"दादा, ते इथंच आहेत, मागं. बोलता का त्यांच्याशी?"

हा माझा गाढवपणा. पलीकडून दादा खाकरले. मग, "मी उत्तर सांगाय फोन केलाय," आणि फोन बंद.

कापडामागं डोकावलो तर तात्या घंटी मांडीवर घेऊन, उपरण्याचा बोळा तोंडाशी धरून बसले होते. कार्यक्रम तिथंच बारगळला. बाळूनं कुस्त्यांची कॅसेट लावली.

घरी येताना मी चिडून म्हणालो, "तात्या, इतकी लाख लावलीत आणि पाकिटात उत्तर चुकीचं?"

"चुकीचं मुद्दाम लिवलंय, सर. बराबर लिवलं असतं तर दादा गप बसला असता. त्याला चूक सोसत न्हाय." चार पावलं चालून ते थांबले. "आवाज आयकला का तुमी? वाक्याच्या मधी थांबत हुता. दम लागत आसंल का वो? लई बारीक झालाय आवाज. म्हातारा झाला दादा, आन् मला कुणी सांगितलंबी न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर पाठवलं. तब्येत विचारून या, पण माझं नाव काढू नका. दादा ओट्यावर पेपर वाचत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "ती प्रश्न तुमची नव्हती."

"नाही."

"जिना चढताना धाप लागती, बाकी काय न्हाय. सांगा कुणाला सांगायचं आसंल तर." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "आन् फुडच्या टायमाला म्हणावं, प्रश्न नीट काढ. मी हाय उत्तराला."

मी गल्ली पळत ओलांडली. इतका आनंद तात्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. आठ दिवसांत त्यांनी हजेरीच्या जुन्या कागदांच्या पाठीवर चाळीस प्रश्न लिहिले. आई कंची ओवी म्हणायची. आजोळी जाताना एसटीत खिडकी कुणाला मिळायची. ते घेऊन आम्ही बाळूकडं गेलो, आणि बाळूनं कागद न बघताच पाय धरले. "सर, निम्म्या गावानं केबल काढून टाका म्हणून सांगितलंय. आता फकस्त गाण्याच्या भेंड्या." मी समजावलं, रागावलो, तो शाळेतला माझा जुना विद्यार्थी, म्हणून दमही भरला. उपयोग झाला नाही.

त्या संध्याकाळी तात्या माझ्या खोलीत येऊन बसले. टीव्ही बंदच होता. मी म्हणालो, "तात्या, कशाला हवी केबल? वीस पावलं आहेत. ते उत्तर द्यायला तयार आहेत. जा आणि बोला."

तात्या उठले. टोपी नीट केली. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, समोरच्या ओट्यावर दादा बसलेले दिसत होते. तात्या तिथंच उभे राहिले, आणि परत आले.

"जातो, सर. पर पयलं वाक्य काय बोलू? तेवढं लिवून द्या."

मी वही काढली, पेन काढलं. कोणत्याही पोराला खडाखडा पत्र सांगणारा मी. "दादा" असं लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि बसून राहिलो. तात्या कागदाकडं बघत होते. 

"मलाबी तितंच आडतंय, सर," तात्या म्हणाले आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या.