मिझुनासेच्या नावाडणीचा मुक्काम वाढवण्याबाबत

"कोण आहे पलीकडं? हात हलवा, म्हणजे दिसाल!"

हा आवाज मी लहानपणी आमच्या मिझुनासे गावात ऐकलेला आहे. पहाटे नदीवर पेजेसारखं दाट धुकं असायचं आणि त्या धुक्यातून आधी हाक यायची, मग वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज आणि सगळ्यात शेवटी ओकिमीबाई. तेव्हा पूल नव्हता. शाळा, बाजार, सुईण, भटजी सगळं ओकिमीबाईंच्या होडीतून जायचं-यायचं. मग एका वर्षी पूर आला. होडी खालच्या गावात सापडली, बाई सापडल्या नाहीत. आवाज तेवढा नदीवर राहिला, असं म्हातारी माणसं म्हणत आणि पोरांना लवकर झोपवत.

त्यांची मुलगी फुमिएबाई. आमच्याच शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी या आवाजावर कादंबरी लिहिली, 'मिझुनासेची नावाडीण'. त्यात आई भूत होऊन धुक्यात होडी हाकते, लोकांना पार करते, स्वतः मात्र कुठल्याच काठाला लागत नाही. पुस्तक देशभर वाचलं गेलं. ज्या गावात मतदानाच्या दिवशीसुद्धा गर्दी होत नसे, त्या गावात वाचकांच्या बसगाड्या येऊ लागल्या. नगर कार्यालयाने तातडीने 'वाचक समाधान कक्ष' स्थापन केला. निरासावा साहेब प्रमुख झाले. जन्म-मृत्यू विभागातून माझी बदली तिथे झाली. दोन्ही बाजूंचा अनुभव असल्यामुळे, असं आदेशात म्हटलं होतं.

वाचक प्रतिक्रिया लिहीत आणि प्रत्येक प्रतिक्रियेवर कारवाई करणं कक्षाला बंधनकारक होतं. 'भूत उत्तम. स्वच्छतागृह लांब.' स्वच्छतागृह जवळ आणलं. 'पुस्तकात धुकं आहे, आम्ही आलो तेव्हा ऊन पडलं होतं. फसवणूक झाली.' नाटक मंडळीकडून धूर सोडायचं यंत्र आणलं. 'घाटावर तीन देवदार हवेत, दोनच दिसले.' तिसरा रात्रीत उगवेना, तेव्हा सिमेंटचा उभा केला. 'पुस्तकात पूल नाही.' यावर साहेबांनी आठवडाभर विचार केला आणि शनिवार-रविवार पुलावर हिरवं कापड टाकायचं ठरवलं. त्या दोन दिवसांत कापडाखालून वाकून जाणाऱ्या नागरिकांनी खोकू नये, अशी सूचना घरोघर फिरली.

नावाडणीला कार्यालयाने मानद रहिवासी दाखलाही दिला. आमच्याकडे गावाच्या जाहिरातीतल्या अस्वलांच्या बाहुल्यांनाही असे दाखले मिळतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. लोकसंख्या एकाने वाढली म्हणून साहेबांनी छोटंसं भाषण केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाढली होती.

मग दुसरा भाग आला, 'नावाडीण निघाली'.

मी तो घरी, चुलीशी बसून वाचला. शेवटच्या प्रकरणात धुकं विरतं, होडी हलकेच पलीकडच्या काठाला लागते आणि बाई उतरते. मागे वळून बघतही नाही. वाचून मी थोडी रडले आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. सकाळी कार्यालयात गेले तर टपालाची पोती दारात.

'नावाडीण गेली, मग आम्ही यायचं कशाला?'

'दोन वर्षं आम्ही या भुतावर प्रेम केलं. ते शांत होताना आमची परवानगी घेतली नाही.'

'मी हॉटेल आधीच आरक्षित केलं आहे. कृपया भुताला निदान नोव्हेंबरपर्यंत थांबवावं.'

'लेखिकेने स्वतःच्या आईचा विचार केला, वाचकाचा केला नाही.'

साहेबांनी ही शेवटची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मान हलवली. "अगदी योग्य मुद्दा आहे, ओकाबेबाई. मला सांगा, नावाडीण आपली रहिवासी आहे ना?"

"कागदोपत्री आहे, साहेब."

"मग तिने गाव सोडल्याची सूचना आपल्या खिडकीवर दिली का?"

"ती कशी देईल?"

"दिली नाही ना? म्हणजे ती गेलेली नाही. नियमाने ती इथंच आहे. पुस्तकातला मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही, एवढाच प्रश्न आहे."

त्या दुपारी आम्ही महागाचं खरबूज घेऊन फुमिएबाईंकडे गेलो. त्या अंगणात वांगी तोडत होत्या. साहेब कमरेत इतके वाकले की खरबूज पायरीला लागलं.

"सेन्सेई, तुम्ही आमच्या गुरू, फार काही नाही. शेवटच्या पानावर एक छोटी चिठ्ठी चिकटवायची. 'ती पलीकडे गेली' याऐवजी 'ती जरा पलीकडे गेली, शनिवारपर्यंत येईल'."

"कशाला?"

"वाचक व्याकुळ आहेत."

फुमिएबाईंनी वांगी टोपलीत ठेवली. "निरासावा, तू माझ्या वर्गात होतास. तेव्हाही दुसऱ्याची पाटी पुसून आपलं उत्तर लिहायचास. ऐक. एवढी वर्षं माझी आई मधोमध अडकली होती. निदान माझ्यापुरती. पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा वाटलं होतं, तिला पोचवेन. नाही जमलं. दुसऱ्यात जमलं. ती पोचली रे. यंदाच्या पितरांच्या सणाला घाटावर आग लावून तिला नीट निरोप देईन, मग माझं काम संपलं."

"पण सेन्सेई, तिसरा भाग..."

"नाही. खरबूज घेऊन जा, मला साखरेचा त्रास आहे."

परतताना साहेब पुलाच्या मध्यावर थांबले. मला वाटलं, लाज वाटली असेल. पण त्यांना युक्ती सुचली होती. "सणाला निरोपाची आग," ते म्हणाले. "ओकाबेबाई, ती आगच पेटली नाही तर कोण कसं जाईल?"

ऑगस्टच्या सणाला आमच्याकडे दारात आग पेटवून घरच्या मेलेल्यांना बोलावतात. घाईने यावेत म्हणून काकडीचा घोडा करतात. जेवूखाऊ घालतात, गप्पा मारतात. शेवटच्या संध्याकाळी पुन्हा आग पेटवायची, नदीत दिवे सोडायचे आणि जाताना रेंगाळत जावेत म्हणून वांग्याचा बैल करायचा. यंदा परिपत्रक निघालं: 'वाचकहितास्तव बोलावण्याच्या आगीस परवानगी आहे. निरोपाची आग पुढील आदेशापर्यंत तहकूब.' वांग्याच्या बैलांवरही बंदी आली. बाजारात वांगी फक्त कापून मिळू लागली.

ओकिमीबाई निघू नयेत एवढाच हेतू होता. पण आग काही एकट्या ओकिमीबाईंची नव्हती. गावातले सगळेच मेलेले आले, जेवले आणि राहिले.

सर्वांत आधी त्सुनेआजी खिडकीवर आल्या. वय नव्वदीच्या पुढचं, आवाज खणखणीत.

"अगं ए ओकाबे, माझी सासू कधी जाणार?"

"आजी, तात्पुरतं आहे."

"तिच्या जिवंतपणीही सगळे हेच म्हणत होते! चाळीस वर्षं काढली मी तात्पुरती. ती मेल्यावर वर्षातले तीन दिवस यायची, मी हसून करायचे. आता महिना झाला. मी आमटीत मीठ घातलं की देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणते."

"वारा असेल."

"सासू आणि वारा यातला फरक मला शिकवतेस होय?"

तोफूवाले गेंझो म्हणाले, वडील दुकानात मागे बसलेत असं वाटतं. तोफू कापताना सुरी अडते, कारण ते जिवंतपणी सारखे म्हणत, जाड कापतोस, दिवाळं काढशील. परीट गल्लीत एका विधुराने दुसरं लग्न ठरवलं होतं, ते पुढे ढकललं. घरात अवघडल्यासारखं होतं म्हणे. कक्षाने दुसरं परिपत्रक काढलं: 'मुक्काम वाढलेल्या पूर्वजांनी यजमानांस सहकार्य करावे.' ते कुणाच्या हाती द्यायचं हे न कळल्यामुळे देवघरांत ठेवायला सांगितलं.

आणि वाचक? वाचक आनंदाने वेडे झाले. 'गावात पाऊल ठेवताच अंगावर काटा आला.' 'प्रत्येक घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. अप्रतिम व्यवस्था.' 'रहिवाशांचे थकलेले, झोप न झालेले चेहरे अगदी खरे वाटतात. पाच तारे.' साहेबांनी ही प्रतिक्रिया चौकट करून लावली. झोप न झालेल्यांत मीही होते. माझा धाकटा भाऊ चौथ्या वर्षी गेला होता. सणाला त्याच्यासाठी दरवर्षी एक लाडवाची बशी ठेवते आणि शेवटच्या दिवशी म्हणते, जा राजा, आता खेळायला जा. यंदा म्हणता आलं नाही. लेकरू दारात ताटकळलं असेल, असं रोज वाटायचं. पण परिपत्रकाखाली शिक्का मीच मारला होता आणि शिक्का सरळ लागला म्हणून साहेबांनी कौतुकही केलं होतं.

सप्टेंबर संपत आला, काठावर लाल फुलं उमलली. साहेबांनी घाटावर 'वाचक-संवाद' ठेवला. दोन बसगाड्या भरून वाचक आले. धूर सोडला, सिमेंटचा देवदार पुसून घेतला. फुमिएबाई यायला तयार झाल्या तेव्हा साहेबांना वाटलं, तिसरा भाग जाहीर होणार. त्या आल्या शोकाचा काळा किमोनो नेसून. हातात वाळक्या काड्यांची मोळी आणि मातीचं ताट. कुणाला काही कळायच्या आत पायरीवर बसल्या, ताटात काड्या रचल्या आणि काडेपेटी ओढली.

"सेन्सेई! आग तहकूब आहे!" साहेब धावले.

"निरासावा, हात भाजेल. मागे हो."

जाळ उभा राहिला. गर्दीतून त्सुनेआजी काठी टेकत पुढे आल्या आणि किमोनोच्या बाहीतून आपलीही मोळी काढली. "माझीही लाव गं बाई. सासूबाईंना फार उशीर झालाय." मग गेंझो आले. मग कुणी कुणी आलं. सगळ्यांकडे मोळ्या होत्या. महिनाभर घरात लपवून ठेवलेल्या. मीही माझी छोटी जुडी त्या जाळात टाकली. ओठांतल्या ओठांत जे म्हणायचं ते म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. त्यांचेही वडील घरी होते.

वाचक आधी छायाचित्रं काढत होते. मग मंचासमोर बसलेला एक तरुण उठला. नावाडणीचं चित्र छापलेला सदरा, हातात दोन्ही भाग, पानापानांत रंगीत खुणा.

"माफ करा, पण हे बरोबर नाही," तो अतिशय नम्रपणे म्हणाला. "आम्ही लांबून आलोय. नावाडीण थांबली आहे असं सांगून आम्हाला बोलावलं. आणि खरं सांगू का, कथेतही मोठी त्रुटी आहे. नावाडीण हुशार, नदी ओळखणारी. मग ती पुरात होडी का घालते? दोन भाग झाले, कारण दिलेलं नाही. मी त्यासाठी एक तारा कापला होता."

काही वाचकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी टाळी वाजवली.

फुमिएबाईंनी जाळात आणखी काडी सरकवली. त्यांचा आवाज शाळेत असायचा तसाच होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"कारण मला ठाऊक होतं. आई त्या संध्याकाळी पाणी चढलं म्हणून होडी बांधून, पाय धुऊन चुलीशी बसली होती. मी तिला भात वाढत होते. निरोपाच्या दिव्यांचा दिवस होता आणि पलीकडच्या काठावर शहरातून माणसं आली होती. त्यांचं इथं कुणी मेलेलं नव्हतं. ती माणसं नुसती बघायला आली होती. ती ओरडत होती, एवढ्या लांबून आलोय, आमचा हिरमोड करू नका. कार्यालयातून माणूस आला. म्हणाला, पाहुणे नाराज होऊन गेले तर पुढच्या वर्षी कोण येईल? आईने ताट झाकून ठेवलं आणि गेली."

तरुण लिहून घेत होता. त्याचा हात थांबला.

"दोन्ही पुस्तकांतून मी हे गाळलं," फुमिएबाई म्हणाल्या. "वाटलं, वाचणाऱ्याला वाईट वाटेल."