अँप्लिफायरची घूंघूं आणि डोरीनचं गाणं

घरच्या घरी अँप्लिफायर बनवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी जेवताना बायकोला सांगून बसलो. बर्नी गावच्या पेपरमिलमध्ये मोटारी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेलेला, त्यामुळे ग्लेनिसने विश्वास ठेवला. चूक तिथेच झाली.

रविवारी तिच्या वडिलांचा, ऑल्बीचा, ऐंशीवा वाढदिवस होता. माझी सासू डोरीन गेल्यापासून म्हातारा फारसा बोलत नसे. तिच्या गाण्याची एकच कॅसेट उरली होती आणि ऑल्बीचे कान असे, की शेजारी ट्रक उलटला तरी तो विचारणार, कोणी दार वाजवलं का? त्याला ते गाणं नीट ऐकवायचं, तर आवाज दणदणीत हवा.

अँप्लिफायर तयार झाला. सुरू केला. घूंऽऽऽ.

ग्लेनिस शेडच्या दारात आली. "रॉस, पत्र्याखाली मधमाश्या बसल्यात. मी त्या मधमाशीवाल्याला फोन करते."

"मधमाश्या नाहीत. अर्थिंगचा घोळ आहे."

"मग अर्थिंगवाल्याला करते."

त्याऐवजी शेजारचा केल्विन आला. केल्विनला कशातलं काही कळत नाही, पण तो ते फार खात्रीने सांगतो. "प्लगची अर्थिंगची पिन कापून टाक. आवाज बंद."

"आवाज बंद आणि रॉसही बंद," ग्लेनिस म्हणाली. "केल्विन, पक्कड खाली ठेव."

मग मी ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला. वायरींना स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुंडाळली, सगळी, अगदी रविवारच्या कोकराच्या तंगडीसाठी आणलेलीसुद्धा. घूंघूं तशीच. वैतागून व्हॉल्यूमच्या बटणावर हात ठेवला, तर आवाज गप्प. हात काढला, पुन्हा घूं.

"सुटला की प्रश्न," केल्विन म्हणाला. "रविवारभर हात लावून उभा राहा. केक आम्ही भरवू."

पण त्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला: अर्थिंगचं काम माझा हातच करत होता. अर्थिंगची वायर मी अँप्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला घट्ट आवळली होती खरी, पण पेटीच्या रंगावर! पेटीपर्यंत अर्थिंग पोचतच नव्हतं. प्लग काढला, रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला, आतल्या साऱ्या अर्थिंगच्या वायरी त्याच एका बोल्टवर आणल्या. सुरू केला, तर अशी शांतता की यंत्र मेलं असं वाटून मी पाच मिनिटं फ्यूज शोधत होतो.

रविवारी अंगणात सगळा गोतावळा जमला. ऑल्बीला स्पीकरसमोर बसवलं. कॅसेट लावली.

घूंऽऽऽ.

मी टेबलाखाली शिरलो आणि एकेक वायर हलवू लागलो. केल्विन दुसऱ्या बाजूने शिरला आणि आमची डोकी आपटली. "घरातला एखादा पंप असेल," म्हणत तो बाहेर पडला आणि मीटरपाशी जाऊन एकेक बटण पाडू लागला. दिवे गेले. ओव्हन गेला. ग्लेनिस आतून ओरडली, "माझी तंगडी!" काकवा तिचा पाय मोडला समजून आत धावल्या. शेडमधून वायर ओढलेली आमची घूंघूं मात्र ठणठणीत.

"जरा गप्प बसाल का सगळे?" ऑल्बी म्हणाला.

ऑल्बीच बोलला म्हटल्यावर सगळे होतो तिथे थांबलो. मी टेबलाखालीच.

"तो आमचा फ्रिज आहे," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात टेप केलं होतं."

तेवढ्यात स्पीकरमधून डोरीनचा आवाज आला, ठसकेबाज, अगदी समोर उभी असल्यासारखा. "ऑल्बी, घाल त्या फ्रिजला एक लाथ." मग धाड. घूंघूं थांबली. "शहाणा गं माझा बाळ," ती म्हणाली आणि गाऊ लागली.

ऑल्बी हसला. मग बराच वेळ रुमालात तोंड घालून बसला. ग्लेनिस त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली. मी टेबलाखालून निघायचं विसरूनच गेलो होतो.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मी कपडे झटकत उभा राहिलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय ऑल्बी, कसा वाटला आवाज?"

"झकास," तो म्हणाला. "इतका स्वच्छ फ्रिज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पुन्हा लाव. लाथेच्या आधीपासून."

त्या दिवशी तो फ्रिज आम्ही सात वेळा ऐकला. कच्ची तंगडी चावत.